छोटा व्यवसाय टिकवताना : दिल्ली–एनसीआरमधील महिला उद्योजकांच्या अडचणी आणि उपलब्ध तरतुदी

उद्यम पोर्टलवर २०२० पासून नोंदल्या गेलेल्या उद्योगांपैकी सुमारे २०.५ टक्के उद्योग महिलांच्या मालकीचे आहेत, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने २०२४ मध्ये दिलेली आकडेवारी सांगते. या उद्योगांचा रोजगारातील वाटा १८.७३ टक्के, गुंतवणुकीतील ११.१५ टक्के आणि उलाढालीतील १०.२२ टक्के आहे. संख्येने पाचवा हिस्सा आणि उलाढालीत जेमतेम दहावा. म्हणजे महिला व्यवसाय सुरू करतात, चार हातांना काम देतात, पण त्यांच्याकडे पैसा कमी फिरतो आणि व्यवसाय लहानच राहतो.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राम या पट्ट्यात शिवणकाम, डबे, लोणची-मसाले, ब्यूटी पार्लर, पाळणाघर किंवा हातगाडी चालवणाऱ्या महिलांना पुढील माहिती उपयोगी पडेल. महाराष्ट्रातून दिल्लीच्या प्रदर्शनांत आणि सरस मेळ्यांत माल आणणाऱ्या बचत गटांनाही ती लागू आहे. व्यवसाय कसा सुरू करावा यावर माहिती भरपूर मिळते. या पानावर भर आहे तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येणाऱ्या अडचणींवर.

सुरुवातीच्या योजना कुठपर्यंत पुरतात?

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) प्रामुख्याने नव्या व्यवसायासाठी आहे. उत्पादनासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा ५० लाख रुपये आणि सेवेसाठी २० लाख रुपये. महिला विशेष प्रवर्गात येत असल्याने स्वतःचा हिस्सा ५ टक्के पुरतो. अनुदान शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के आहे. मात्र हे अनुदान हातात मिळत नाही. बँक ते तीन वर्षे वेगळ्या मुदत ठेवीत ठेवते, आणि व्यवसाय चालू असल्याचे पाहणीत आढळल्यावर ते कर्जात वळते होते. पहिल्या तीन वर्षांत व्यवसाय बंद पडला तर कर्ज डोक्यावर राहते आणि अनुदानही जाते. अर्ज करताना अनुदान मोजण्याआधी ही तीन वर्षे मोजलेली बरी.

आधीपासून चालू असलेल्या व्यवसायासाठी पंतप्रधान मुद्रा योजना अधिक सोयीची आहे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत तारण लागत नाही. शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत, आणि तरुण गटातील कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांना तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत कर्ज मिळते. शिवणकाम, धोबीकाम, हार बनवणे यांसारख्या १८ पारंपरिक कामांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात आधी १ लाख आणि नंतर २ लाख रुपये ५ टक्के व्याजाने मिळतात. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, त्यामुळे अर्ज कोणाच्या नावाने करायचा हे घरात आधी ठरवा. गेल्या पाच वर्षांत मुद्रा कर्ज घेतले असेल आणि ते पूर्ण फेडले असेल तर अपात्रता येत नाही.

मशीन आले, पण कापड कशाने आणायचे?

व्यवसाय बहुतेक वेळा इथे अडकतो. समजा, नोएडातील एका कपडा कंपनीसाठी तुम्ही घरी कुर्ते शिवून देता. कापड, दोरा, बटणे रोखीने घ्यावी लागतात. सोबत काम करणाऱ्या दोघींना दर आठवड्याला पैसे द्यावे लागतात. कंपनी मात्र दोन-तीन महिन्यांनी पैसे देते. व्यवसाय नफ्यात असूनही पुढच्या ऑर्डरचे कापड घ्यायला हातात पैसा उरत नाही. मग दागिने गहाण पडतात किंवा गटकर्ज घेतले जाते. आठवड्याचा हप्ता आणि तीन महिन्यांनी येणारे बिल यांचा मेळ कधीच बसत नाही.

अर्ज भरताना मुदत कर्ज आणि खेळते भांडवल यांतील फरक लक्षात घ्या. मुदत कर्ज मशीन, ओव्हन, फ्रिज यांसाठी असते. खेळत्या भांडवलाची मर्यादा म्हणजे कॅश क्रेडिट. त्यात जितकी रक्कम काढली तितक्यावरच व्याज लागते, आणि पैसे आले की भरता येतात. मुद्रा योजनेत मुद्रा कार्डाद्वारे अशी मर्यादा मिळू शकते. बहुतेक महिला अर्जात एकच रक्कम लिहितात आणि सगळे मुदत कर्ज म्हणून मंजूर होते. शाखेत दोन्ही वेगवेगळे मागा.

किती मागायचे, याचाही हिशेब आहे. ५ कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी बँका अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के खेळते भांडवल धरतात. तुमची अपेक्षित उलाढाल १२ लाख असेल तर ही रक्कम २ लाख ४० हजार होते. उलाढाल दाखवायला मात्र पुरावा लागतो. ग्राहकांचे पैसे पतीच्या किंवा मुलाच्या फोनवरील यूपीआयवर येत असतील, तर बँकेच्या दृष्टीने तो व्यवसाय तुमचा नाहीच. व्यवसायाचे वेगळे खाते आणि त्याच खात्याचा क्यूआर कोड हा सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

ही अडचण एकत्र येऊनही सोडवता येते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले. तिथे भिजवलेले पीठ केंद्रातून मिळते, घरी पापड लाटून परत दिले की मजुरी मिळते. उडीद-मसाल्यात एकाही बाईचा पैसा अडकत नाही. दिल्लीत सेवा संस्थेच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘रुआब’ ही घरी भरतकाम करणाऱ्या कारागीर महिलांची उत्पादक कंपनी याच विचाराची आहे. मोठ्या खरेदीदाराशी बोलणे आणि ऑर्डर घेणे कंपनी करते, काम बायका घरून करतात. सगळ्यांना हे जमेल असे नाही, पण एकटीने पाच जणींचे कापड उधार आणण्यापेक्षा हा मार्ग कमी जोखमीचा आहे.

थकलेली बिले : कायदा तुमच्या बाजूने आहे

एमएसएमई विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार ऑनलाइन पोर्टलवर नोंदवता येते आणि ती राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाते.

एनसीआरमध्ये राहणाऱ्यांसाठी कायद्यातील एक बाब फार मोलाची आहे. परिषदेचे अधिकारक्षेत्र माल पुरवणाऱ्याच्या ठिकाणावरून ठरते. तुम्ही लक्ष्मीनगरला आणि खरेदीदार गुरुग्रामला असेल, तरी प्रकरण दिल्लीच्या परिषदेपुढे चालते. हरियाणात खेटे घालावे लागत नाहीत.

दोन अटी मात्र आहेत. माल देण्यापूर्वी उद्यम नोंदणी झालेली हवी. वाद झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलांना उपयोगी पडत नाही. दुसरे, तयार माल घेऊन तसाच विकणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण उशिराच्या व्याजाची ही तरतूद लागू होत नाही. ती उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे.

तक्रार केली तर ग्राहक तुटेल, ही भीती खरी आहे आणि ती कोणतेही पोर्टल दूर करू शकत नाही. पण तक्रारीआधीही एक पायरी आहे. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक, ‘सूक्ष्म उद्योग’ हा शब्द आणि पैसे देण्याची शेवटची तारीख छापा. आयकर कायद्यातील बदलामुळे करनिर्धारण वर्ष २०२४–२५ पासून सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही. पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. मार्च जवळ आला की खरेदीदाराचा लेखापाल अशी बिले स्वतःहून शोधतो. बिलावर क्रमांकच नसेल तर तो तुमचे बिल कशाला शोधेल?

सरकारी खरेदी हाही एक मार्ग आहे. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीच्या २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते, आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. जेम पोर्टलवर महिला विक्रेत्यांसाठी २०१९ पासून ‘वुमनिया’ हा उपक्रम आहे. दिल्लीत केंद्रीय कार्यालये हाकेच्या अंतरावर असल्याने गणवेश, पिशव्या, फाइल, भेटवस्तू अशा मालाला इथे संधी आहे. पण जेमवर ऑर्डर मिळाली म्हणजे पैसे लगेच मिळाले असे नाही. खेळते भांडवल हाताशी नसताना मोठी निविदा घेऊ नका.

बाजार एक, राज्ये वेगळी

मेट्रोच्या निळ्या मार्गावर न्यू अशोक नगरनंतरचे स्थानक नोएडा सेक्टर १५. या दोन स्थानकांमध्ये राज्याची सीमा आहे. प्रवाशाला ती जाणवत नाही, पण जीएसटीला जाणवते.

दिल्लीत फक्त वस्तू विकणाऱ्यांना वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात पुरवली तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होते. मयूर विहारमध्ये घरी केलेले लोणचे त्याच वसाहतीत विकले तर नोंदणी नको. तीच बरणी नोएडातील दुकानाला पाठवली तर हवी. सेवा वेगळ्या आहेत. मेंदी, शिकवणी, डिझाइन यांसारख्या सेवा दुसऱ्या राज्यात दिल्या तरी २० लाखांची सूट कायम राहते. अधिसूचित हस्तकला वस्तूंनाही काही अटींसह अशीच सूट आहे. ज्या मालावर मुळात करच नाही, उदाहरणार्थ पापड, फक्त तोच विकत असाल तर नोंदणीचा प्रश्न येत नाही.

ऑनलाइन विक्रीतही हीच रेषा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना ई-कॉमर्स संकेतस्थळावर माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात. कंपोझिशन योजना घेतलेल्यांनाही दुसऱ्या राज्यात माल पाठवता येत नाही. त्यामुळे गुरुग्राम-नोएडाचे ग्राहक वाढू लागले की थांबून हिशेब करा. नियमित नोंदणी घेतली तर विवरणपत्रे आणि लेखापालाची फी आली. न घेता माल पाठवत राहिलात तर दंडाची टांगती तलवार. अनेकींनी याच टप्प्यावर वाढ थांबवलेली दिसते. आमच्या मते, सीमेपलीकडील ऑर्डर नियमित असतील तर नोंदणी करून घेणेच योग्य. कच्च्या मालावर भरलेला कर वजा होतो आणि मोठे खरेदीदारही बिल मागतात.

महाराष्ट्रातून गुरुग्राम किंवा दिल्लीच्या मेळ्यात करपात्र माल विकायला येणाऱ्यांना ‘नैमित्तिक करपात्र व्यक्ती’ म्हणून त्या राज्याची तात्पुरती नोंदणी लागते. ती कमाल ९० दिवसांची असते, अर्ज किमान पाच दिवस आधी करायचा असतो आणि अंदाजित कर आगाऊ भरावा लागतो. अधिसूचित हस्तकलांना इथेही सवलत आहे. मेळ्याचे निमंत्रण हाती पडले की आयोजकांना पहिला प्रश्न हाच विचारा.

राज्य सरकारच्या योजनाही सीमा ओलांडत नाहीत. हरियाणाची मातृशक्ती उद्यमिता योजना तीन वर्षे ७ टक्के व्याजसवलत देते, पण हरियाणाच्या रहिवासी महिलांना. महाराष्ट्रातील महिला योजना दिल्लीत थाटलेल्या व्यवसायाला मिळत नाहीत. आधारवर पत्ता गावाचा, घर दिल्लीत आणि काम नोएडात अशी स्थिती असेल तर केंद्राच्या योजना, म्हणजे मुद्रा, पीएमईजीपी, स्वनिधी, हाच मुख्य आधार राहतो. व्यवसायाचा पत्ता मात्र सर्व कागदांवर एकच ठेवा.

जागा : घर, पदपथ आणि हिवाळा

घरातून व्यवसाय करणारीला जागेचे भाडे वाचते, पण पत्त्याचा पुरावा मिळवताना त्रास होतो. भाडेकरार, वीजबिलाची प्रत आणि घरमालकाची संमती मागितली की मालक बिचकतो. मीटर व्यावसायिक होईल, महापालिकेची नोटीस येईल, अशी त्याची धास्ती असते. दिल्लीत २००६ मध्ये आणि पुन्हा २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या सीलिंग मोहिमा लोक विसरलेले नाहीत. दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्ये ठरावीक घरगुती उद्योगांना निवासी जागेत परवानगी आहे; कामगारांची संख्या आणि विजेचा भार यांना मर्यादा असते. आपले काम त्या यादीत बसते का हे महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. घरमालकालाही तेच दाखवता येईल.

खाद्यपदार्थ घरी बनवत असाल तर एफएसएसएआयची नोंद हवीच. छोट्या व्यवसायाला पूर्ण परवाना लागत नाही, वार्षिक १०० रुपये शुल्काची साधी नोंदणी पुरते. ती स्वयंपाकघराच्या पत्त्यावर असते. घर बदलले की बदलून घ्यावी लागते.

रस्त्यावर विकणाऱ्यांना पथविक्रेता अधिनियम, २०१४ चे संरक्षण आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. पीएम स्वनिधी योजनेची फेरआखणी २०२५ मध्ये झाली. आता पहिले कर्ज १५,००० पर्यंत, दुसरे २५,००० पर्यंत आणि तिसरे ५०,००० रुपयांपर्यंत मिळते. वेळेवर हप्ते भरल्यास ७ टक्के व्याज परत मिळते. कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. विक्री प्रमाणपत्र नसेल तर नागरी संस्थेचे शिफारसपत्र चालते.

एनसीआरचा हिवाळा हा वेगळाच विषय आहे. हवा बिघडली की ग्रॅपचे निर्बंध लागतात. कोळसा आणि लाकडावरचा तंदूर बंद करावा लागतो, डिझेल जनरेटरवर मर्यादा येतात, बांधकामे थांबली की मजूरवस्तीजवळची चहा-पोळीची विक्रीही बसते. नेमका हाच लग्नसराईचा आणि मेळ्यांचा काळ. यासाठी वेगळी भरपाई गृहीत धरू नका. गॅस किंवा विजेच्या शेगडीचा खर्च आधीच कर्जाच्या प्रकल्प अहवालात धरा.

सही कोणाची, व्यवसाय कोणाचा?

घर किंवा दुकान बहुधा पतीच्या वा सासऱ्यांच्या नावावर असते, म्हणून बँकेत तारणाचा विषय निघाला की महिला मागे सरतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सूक्ष्म व लघु उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये. त्यापुढे सीजीटीएमएसईची पतहमी आहे आणि तिच्यात महिलांना शुल्कात सवलत मिळते. शाखेने तारण मागितलेच, तर मागणी लेखी द्या म्हणा. पुष्कळदा विषय तिथेच मिटतो.

उलट प्रकारही दिसतो. महिलांच्या सवलतीसाठी कर्ज पत्नीच्या नावावर घेतले जाते आणि व्यवहार दुसरेच कोणी पाहते. हप्ते थकले तर पत तिची जाते. पुढे तिला स्वतःचे काही सुरू करायचे असेल तेव्हा सिबिल अहवाल आडवा येतो. ज्या खात्याचे एटीएम कार्ड आणि पासवर्ड तुमच्याकडे नाही, त्या खात्यावर कर्जासाठी सही करू नका.

मायक्रोफायनान्स गटकर्जांनाही रिझर्व्ह बँकेची चौकट आहे. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. चौथे कर्ज देणारा कितीही आग्रह करो, हा नियम त्यालाही लागू आहे.

हप्ता चुकण्याआधी

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते बुडीत वर्गात जाते. त्याआधीचे तीन महिने महत्त्वाचे आहेत. २०१५ पासून एमएसएमई पुनरुज्जीवन चौकट लागू आहे. अडचण दिसू लागताच कर्जदार स्वतः शाखेत अर्ज करू शकते: विक्री का घटली, कोणाकडे किती बिले अडकली, पुढील सहा महिन्यांत काय येईल. १० लाखांपर्यंतच्या कर्जांचा निर्णय शाखा पातळीवर होतो, त्यावरचे प्रकरण समितीकडे जाते. हप्ते लांबवणे, नवी मुदत ठरवणे यांसारखे उपाय त्यात आहेत. ही चौकट फार कमी जणींना माहीत असते, आणि शाखेतून स्वतःहून कोणी सांगेलच असे नाही. फोन बंद करून बसण्यापेक्षा थकलेल्या बिलांची यादी घेऊन व्यवस्थापकांना भेटा, आणि अर्जाची पोच घ्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

वेळ

केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातील बिनपगारी कामात महिलांचे रोज २८९ मिनिटे आणि पुरुषांचे ८८ मिनिटे जात असल्याचे दिसले. जवळजवळ पाच तास. ग्राहक गमावण्याचे हे कारण कोणत्याही प्रकल्प अहवालात लिहिले जात नाही. मिशन शक्तीअंतर्गत ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी पाळणाघरे आहेत. जवळच्या अंगणवाडीत चौकशी करा. आणि प्रकल्प अहवालात मदतनीसाचा पगार खर्च म्हणून जरूर दाखवा. तुमची नणंद किंवा मुलगी फुकट मदत करते असे धरून केलेला हिशेब तिचे लग्न किंवा परीक्षा येईपर्यंतच टिकतो.

चौकशी कुठे करावी?

उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारी मिळत्याजुळत्या नावांची संकेतस्थळे खासगी असतात. जीएसटी नसलेल्या अगदी लहान व्यवसायांना उद्यम असिस्टमधून बँकेमार्फत नोंद मिळते. कर्जयोजनांची पात्रता जनसमर्थ पोर्टलवर तपासता येते. दिल्लीत ओखला येथे एमएसएमई विकास व सुविधा कार्यालय आहे. नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्रामसाठी आपापले जिल्हा उद्योग केंद्र. नीती आयोगाच्या महिला उद्योजकता मंचावर मार्गदर्शक आणि बाजारपेठ यांसाठी नाव नोंदवता येते. कोणत्याही कार्यालयात जाताना आधार, पॅन, व्यवसाय खात्याचे मागील सहा महिन्यांचे विवरण, भाडेकरार किंवा पत्त्याचा पुरावा, आणि थकलेल्या बिलांच्या प्रती सोबत ठेवा. योजनांच्या रकमा आणि मुदती बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या शाखेत पुन्हा विचारून घ्या.